एच. एस. नावाची बाई

आजवर मी दोन डॉक्टरांच्या अक्षरावर नोकरी केली. पहिले मिरजेचे. त्यांच्या दवाखान्याला लागून असलेल्या मेडिकलच्या काउंटरमागे मी एकोणीस वर्षं उभी होते. दुसरे इथले, मिशिगनचे, डॉक्टर जोसाया क्रॅडक. ते वारले तेव्हा माझ्या पणजीचं लग्नही झालं नसेल. दोघांचंही अक्षर इतकं वाईट की देवाने एकच हात दोघांना दिला असावा, अशी मला शंका आहे.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचा संपादक माझ्या मुलीच्या वयाचा आहे. तो म्हणाला, "काकू, तुमच्या म्युझियमच्या जॉबवर लिहा ना. थोडं इन्स्पायरिंग ठेवा." इन्स्पायरिंगचं मला जमेल असं वाटत नाही. मी एका म्हाताऱ्या बाईचं तीस वर्षांचं काम चौदा माणसांसमोर एका वाक्यात मोडलं, त्याबद्दल लिहिते. त्यातून कोणाला काय स्फूर्ती घ्यायची ती घेऊ दे.

नवऱ्याच्या नोकरीमागे मी ॲन आर्बरला आले. माझा डी.फार्म. इथे चालत नव्हता आणि व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत आमची केतकी हायस्कूलला गेली आणि मी पन्नाशीला टेकले. पुन्हा अभ्यास करून परीक्षा द्यायचा उत्साह राहिला नव्हता. तेवढ्यात घरापासून चाळीस मिनिटांवरच्या एका लहान गावात, "डॉक्टरांचं घर" नावाच्या म्युझियममध्ये तिकिटं द्यायला आणि धूळ पुसायला माणूस हवं असल्याचं कळलं. धूळ पुसायचा अनुभव मला भरपूर होता. गावाचं नाव लिहीत नाही. गाव लहान आहे आणि मला अजून तिथल्या लोकांना तोंड दाखवायचं असतं.

घर लाकडी, दुमजली. खाली दवाखाना, वर निजायच्या खोल्या, मागे स्वयंपाकघर. दवाखान्यात काचेच्या कपाटात करवती, चिमटे, बाटल्या आणि जळवांची बरणी. शाळेची मुलं आली की जळवा जिवंत आहेत का एवढंच विचारतात, आणि नाहीत म्हटलं की त्यांचा इतिहासातला रस संपतो.

आपली माणसं आली की मला लांबूनच कळतं. दारात पहिला प्रश्न पार्किंगचा असतो. मग तिकिटाच्या खिडकीत मी दिसले की, "अय्या, तुम्ही मराठी?" नागपूरचे एक काका करवतीसमोर बराच वेळ उभे राहून म्हणाले, "हे डॉक्टरचं आहे का सुताराचं?" मी म्हटलं, "काका, त्या काळी फारसा फरक नव्हता." रेडमंडहून आलेल्या एका सॉफ्टवेअरवाल्या मुलीने सगळं घर बघून झाल्यावर विचारलं, "पण काकू, याचं रेटिंग कसं होतं? म्हणजे पेशंट वाचायचे का?" हा प्रश्न मला फार आवडला. इतिहासकारांना तो सुचलेला नाही. आणि मी पूर्वी मेडिकलमध्ये होते हे बोलण्यात आलं, की त्या जळवांच्या बरणीशेजारी उभं राहून लोक पर्समधून बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप काढतात आणि विचारतात, "ही सकाळी घेऊ की जेवून?"

आता डॉक्टरांबद्दल. क्रॅडक पूर्वेकडून घोड्यावर बसून आले तेव्हा इथे दलदल होती, डास होते आणि हिवताप होता. मिशिगनला हिवताप होता हे ऐकून आपल्या लोकांना फार बरं वाटतं. त्यांनी वीसेक वर्षं डॉक्टरकी केली आणि मग उठून राजकारणात गेले. आधी राज्याच्या विधानसभेत, नंतर वॉशिंग्टनला. गाव असं सांगतं की दलदलीपायी माणसं मरताना बघून त्यांचं मन कळवळलं आणि चर खणून पाणी काढून देण्याचा कायदा करायला ते गेले. मन कळवळलं होतं हे खरं आहे. पण निवडून यायचं कारण वेगळं होतं. तालुक्यातल्या प्रत्येक घरात ते आतल्या खोलीपर्यंत जाऊन आले होते. कोणाला मूळव्याध, कोणाच्या पोटात जंत, कोणाचा सासरा दारू लपवतो, सगळं ठाऊक. विरुद्ध उमेदवार मंचावर भाषण ठोकायचा, तेव्हा हे गर्दीत फिरून "आता पोट कसं आहे?" असं विचारायचे. अशा माणसाला मत द्यायचं नाही म्हणजे मोठंच धाडस.

हे सगळं त्यांच्या रोजनिशीत आहे. अकरा वह्या. मी कामाला लागले तेव्हा त्यातल्या दोनच कशाबशा वाचून झाल्या होत्या. म्युझियमचा संचालक डेव्हिड तरुण आहे, इतिहासात पीएचडी आहे आणि बर्फातसुद्धा सायकलवरून येतो. एक दिवस मी त्याच्या टेबलावरची धूळ पुसत होते आणि तो भिंग लावून एका शब्दावर दोन दिवस बसला होता. मी खांद्यावरून बघितलं आणि म्हटलं, "इपिकॅक. उलटीचं औषध."

त्याने विचारलं, "तुला हे वाचता येतं?"

"वाचता येत नाही. पण वरच्या ओळीत एका पोराने कसल्यातरी बिया गिळल्यात. डॉक्टर दुसरं काय देणार?"

ही आमच्या धंद्यातली विद्या आहे, ती बाहेरच्यांसाठी सांगते. डॉक्टरांची चिठ्ठी अक्षरांनी वाचायची नसते. आधी समोरचा माणूस वाचायचा. पोट धरून उभा आहे की कान, हे बघायचं. मग पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर. मधली सगळी लाट असते, तिच्यात शिरायचं नाही. आणि प्रत्येक डॉक्टरच्या हातात चाळीसच औषधं असतात, बाकीची तो पुस्तकात ठेवतो. ती चाळीस कळली की डॉक्टर कळला. क्रॅडकांची तर बाराच होती. मिरजेत मी उभ्या उभ्या दिवसाला दीडदोनशे चिठ्ठ्या वाचत असे. शेवटी अडलंच तर पेशंटला विचारायचं, "कशासाठी घेतलंय?" इथे तेवढी एक सोय नव्हती.

डेव्हिडने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि वह्या दिल्या. तेव्हापासून मी वाचून टाइप करायला लागले. मुलीला अभिमानाने सांगितलं तर ती म्हणाली, "वेट, आई, दे आर पेइंग यू टू रीड हँडरायटिंग?" मी म्हटलं, आधीही त्याचेच देत होते.

मला त्या माणसाने फार हसवलं. राजकारणात गेला तरी त्याचा हात चिठ्ठ्याच लिहीत राहिला होता. सभापतींबद्दल लिहिलंय, "जीभ पांढरी, स्वभाव पित्तकारक, कॅलोमेलची गरज," म्हणजे जुलाबाच्या औषधाची. एका विरोधकाबद्दल, "वारा फार. उपाय नाही." चरांच्या विधेयकापुढे लिहिलं होतं, "पी. सी." आधीच्या अभ्यासकांनी याचा अर्थ खासगी समिती असा लावला होता आणि अशी समिती कुठे सापडत नाही म्हणून हळहळले होते. पी. सी. म्हणजे जेवणानंतर. कोणत्याही मेडिकलच्या पाकिटावर असतं. डॉक्टरांनी सभासदांना आधी पोटभर जेवू घातलं आणि मग विधेयक मांडलं. ते मंजूर झालं.

आता मार्गारेट. ती तिथल्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली, तेव्हा त्र्याऐंशी वर्षांची. दर मंगळवारी म्युझियममध्ये यायची आणि खिडकीजवळच्या खुर्चीत स्वतःची निळी उशी घालून बसायची. मी नवी असताना सगळे मला शीला म्हणत. मार्गारेटने मला माझं नाव चार वेळा म्हणायला लावलं, कार्डावर स्वतःच्या पद्धतीने लिहून घेतलं आणि पुढच्या मंगळवारी दारातून हाक मारली, "शैला." मिरजेत मला सगळं गाव मेडिकलवाल्या बाई म्हणत असे आणि इथे शीला. त्यामुळे ती हाक ऐकून मला जरा गलबलून आलं होतं. मग मी तिला डब्यातून काहीबाही द्यायला लागले. पहिला डबा तिने स्वच्छ धुऊन परत दिला, तेव्हा मी तिला सांगितलं की आमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत. तिने लगेच पर्समधून एक पेपरमिंट काढून आत टाकलं.

मार्गारेटचं तीस वर्षांचं काम म्हणजे एच. एस.

वाचलेल्या दोन वह्यांमध्ये, डॉक्टर राज्याच्या राजधानीत असतानाच्या नोंदींत, ही अक्षरं सारखी येत. "दिवस लांबला. थोडी वाइन, एच. एस." "पत्नीला पत्र. एच. एस." "पाय दुखले. गरम पाणी, एच. एस." मार्गारेटने शोध घेतला, तेव्हा त्या काळच्या शिरगणतीत तिला राजधानीत खानावळ चालवणारी एक विधवा सापडली. नाव हॅरिएट, आडनाव एसवरून. झालं. कायदे करून दमलेला डॉक्टर आणि वाट बघणारी हॅरिएट. मार्गारेटने यावर नाटक लिहिलं. दर वर्षी पानगळीत गावातली माणसं ते करतात, बँकेतली कॅशियर हॅरिएट होते आणि दुसऱ्या अंकात घमेल्यात गरम पाणी घालून डॉक्टरांचे पाय धुते, तेव्हा निम्मं प्रेक्षागृह डोळे पुसतं. मीही पुसले आहेत. म्युझियमच्या अंगणात हॅरिएटचा गुलाब आहे. आणि आता मार्गारेटचं पुस्तक पुरं होत आलं होतं. गावातला छापखाना वसंत ऋतूत छापणार होता.

तिसऱ्या वहीत मला एच. एस. पहिल्यांदा डॉक्टरांच्या स्वतःच्या अक्षरात दिसलं. "लॉडॅनम, वीस थेंब, एच. एस." लॉडॅनम म्हणजे अफूचं औषध. मी टाइप करता करता थांबले. एच. एस. म्हणजे होरा सोम्नी, लॅटिनमध्ये झोपायची वेळ. मिरजेत झोपेच्या गोळीपुढे मी हे रोज वाचत होते. डॉक्टर झोपताना वाइन घेत. झोपताना बायकोला पत्र लिहीत. पाय दुखले की झोपताना गरम पाण्यात पाय घालून बसत, आणि ते पाय स्वतःचे स्वतःच धूत.

मी तीन आठवडे गप्प बसले. एकदा सांगायला म्हणून तिच्या खुर्चीपर्यंत गेले आणि हवेबद्दल बोलून परत आले. दुसऱ्यांदा तिने मला पुस्तकाचं मुखपृष्ठ दाखवलं, त्यावर गुलाब होता. केतकी म्हणाली, "आई, यू हॅव टू टेल हर. पण प्रायव्हेटली, ओके?" मी म्हटलं, मला काय एवढं कळत नाही?

कळत नव्हतंच. महिन्याच्या कॉफीच्या बैठकीला आम्ही चौदा जण होतो. मार्गारेटने नवीन प्रकरण वाचून दाखवलं. पाय धुण्याचंच होतं. वाचून झाल्यावर ती चष्मा काढून म्हणाली, "गरम पाणी, एच. एस. एवढ्यात त्याचं सगळं प्रेम आहे." सगळे हेलावले. मग डेव्हिडने सहज विचारलं, "शीला, तू पुढच्या वह्या वाचतेयस ना? एच. एस. अजून भेटते का?"

मी म्हटलं, "रोज भेटते. पण ती बाई नाही. झोपायची वेळ आहे."

आणि मग समजावून सांगितलं, पुराव्यासकट, लॅटिनसकट, वीस थेंबांसकट. मग कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. बँकेतल्या कॅशियरबाई म्हणाल्या, "मग मी कोण?" तेव्हा तर हसून पुरेवाट झाली. मीही हसले. खरं सांगायचं तर मला मजा आली. एवढ्या पीएचडीवाल्यांमध्ये मिरजेच्या मेडिकलचा झेंडा लागला होता. मग माझं लक्ष गेलं. मार्गारेट कागद गोळा करून फाइलची नाडी बांधत होती. कोट घालताना तिला एक बाही सापडेना. शेजारी मीच होते, पण माझा हात पुढे झाला नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या मंगळवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. निळी उशी खुर्चीवर तशीच होती. छापखान्याला तिने पुस्तक थांबवायला सांगितल्याचं डेव्हिडकडून कळलं. दिवाळी आली. मी रवा लाडू आणि शंकरपाळे डब्यात भरून तिच्या घरी गेले. मनात दोन वाक्यं घोळवून ठेवली होती. तिने दार वीतभर उघडलं, डबा घेतला आणि म्हणाली, "थँक यू, शीला."

दार लागलं. मी गाडीत येऊन बसले आणि रडले. माझं नाव पाठ करून घेणारी इथे एकच बाई होती.

थंडी पडली. मी मुकाट्याने वह्या वाचत राहिले. माझा आता गावात दबदबा झाला होता. राजधानीतल्या नोंदींत जशी एच. एस., तशी गावाबद्दलच्या नोंदींत "बी. डी." ही अक्षरं पानोपानी होती. "गिरणीवरचे तापकरी, बी. डी., सगळे ठीक." "मिसेस कोल, बी. डी., बाळंतीण सुखरूप." इथे तर मला विचारसुद्धा करावा लागला नाही. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, हे आपल्याकडे शेंबडं पोर सांगेल. मी प्रत्येक ठिकाणी "दिवसातून दोनदा" असं टाइप केलं. एका वहीत तर डॉक्टरांनी लिहिलं होतं, "बी. डी.शिवाय या तालुक्यात माझं काही चालत नाही." मी टाइप केलं, "दिवसातून दोनदा गेल्याशिवाय या तालुक्यात माझं काही चालत नाही." केवढा कष्टाळू माणूस, असं मला वाटलं. डेव्हिडलाही वाटलं. त्याने दवाखान्यात मोठा फलक लावला. डॉक्टर क्रॅडक प्रत्येक रोग्याला दिवसातून दोनदा भेटत. खाली बारीक अक्षरात, वाचन: शीला. मी त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढून केतकीला पाठवला.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा एका मंगळवारी दार उघडलं आणि मार्गारेट आत आली. हातात माझा डबा होता. तो तिने माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि आपल्या उशीवर जाऊन बसली.

डबा हलका होता, पण वाजला. उघडला तर आत कार्डं. शाळेतली मुलं परीक्षेला करतात तशी, छोट्या गिचमिड नसलेल्या अक्षरात, रबर लावून बांधलेली. वरच्या कार्डावर लिहिलं होतं, बी. डी.

"मी चार महिने औषधांच्या चिठ्ठ्यांचा अभ्यास केला," मार्गारेट म्हणाली. "पुन्हा कोणी मला लॅटिन शिकवायला नको म्हणून. तुमच्याकडे दिवसातून दोनदा कसं लिहितात?"

"बी. डी."

"आमच्याकडे बी. आय. डी. लिहितात. माझ्या गुडघ्याच्या डॉक्टरला विचारलं. औषधांच्या दुकानात विचारलं. तुझ्या क्रॅडकनेही बी. आय. डी.च लिहिलंय, चौथ्या वहीत, क्विनीनपुढे. डेव्हिडने पानांचे फोटो पाठवले, त्यात बघितलं. ते पान तूच टाइप केलंयस."

मी चौथी वही काढली. होतं. मधला आय मी शाईचा डाग समजून सोडून दिला होता.

"दुसरं कार्ड बघ," ती म्हणाली. "गिरणीवरच्या तापकऱ्यांची नोंद. त्या आठवड्यात डॉक्टर कुठे होता?"

मी तारीख बघितली. विधानसभेचं अधिवेशन चालू होतं. डॉक्टर राजधानीत होते, घोड्यावरून दोन दिवसांच्या वाटेवर.

"मग त्या लोकांना दिवसातून दोनदा कोणी बघितलं?"

मी पुढचं कार्ड काढलं. तिसरं कार्ड शिरगणतीचं होतं. त्यात या घरातल्या माणसांची यादी होती. डॉक्टर, त्यांची पत्नी, दोन मुलगे, आणि शेवटी ब्रिजेट, आडनाव डीवरून, वय बावीस, जन्म आयर्लंड, काम मोलकरीण.

मी एक एक नोंद पुन्हा वाचत गेले. गिरणीवरचे तापकरी, ब्रिजेट, सगळे ठीक. मिसेस कोल, ब्रिजेट, बाळंतीण सुखरूप. तिचं पत्र यायचं आणि डॉक्टर उतरवून ठेवायचे. ते तिकडे सभापतींची जीभ बघत होते आणि इकडे नऊ वर्षं दवाखाना स्वयंपाकघरातली ही मुलगी चालवत होती. बी. डी.शिवाय या तालुक्यात माझं काही चालत नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं, त्या एका ठिकाणी तर अक्षरही बरं काढलं होतं. आणि मी ते वाचून भलताच फलक लावू दिला होता.

इथे मला मिरज आठवली. आमचे डॉक्टर एकदा नगरपालिकेला उभे राहिले होते. दोन महिने ते जीपमध्ये होते आणि पेशंट बंद दवाखान्याकडे बघून माझ्या काउंटरपाशी यायचे. "मेडिकलवाल्या बाई, तुम्हीच द्या काहीतरी." ताप, हगवण, खोकला, मी माझ्या अकलेने देत होते, जे मला झेपणार नाही ते सिव्हिलला पाठवत होते. कोणाला काही झालं तर माझं काय, या धास्तीने मी जेवत नसे. डॉक्टर निवडून आले. सत्काराला त्यांनी पोलिंग एजंटांचे, मांडववाल्यांचे, रिक्षावाल्यांचे, सगळ्यांचे आभार मानले. मी टाळ्या वाजवून घरी आले. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नव्हतं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आणि माझ्यासारखीच एक बाई दोनशे वेळा डोळ्यांसमोरून गेली तर मी तिला ओळखलं नाही. पेशंटकडे बघायचं, अक्षराकडे नाही, असं सगळ्यांना शिकवणारी मी.

मार्गारेट म्हणाली, "तीस वर्षं मी या माणसासाठी एक बाई शोधत होते, त्याचे पाय धुणारी. ही इथे स्वयंपाकघरात होती आणि मला दिसली नाही."

"मला तरी कुठे दिसली?"

"तुला दिसली. तू तिला दिवसातून दोनदा पुसलंस."

मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, "मार्गारेट, त्या दिवशी माझं चुकलं."

"चूक दाखवलीस त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. चौदा माणसांसमोर दाखवलीस."

"हो."

"आणि तुला मजा येत होती."

"हो."

"मला आज येतेय," ती म्हणाली, आणि पर्समधून पेपरमिंट काढून डब्यात टाकलं. "चल, शैला. मी चौऱ्याऐंशीची झाले. आपल्याला घाई केली पाहिजे."

मग सहा महिने आम्ही दोघी शेजारी बसून अकरा वह्या पहिल्यापासून वाचल्या. मी अक्षर सांगायची, ती तारीख तपासायची. डेव्हिडने फलक उतरवला आणि सायकलला बांधून टाकायला नेला. बाई दुसरी झाली म्हणून कॅशियरबाईंनी नाटक सोडलं नाही, उलट ब्रिजेटला बोलायला जास्त आहे म्हणून खूश झाल्या. गरम पाण्याचा प्रवेश मात्र मार्गारेटने काढू दिला नाही. आता दुसऱ्या अंकात डॉक्टर एकटेच घमेल्यात पाय घालून बसतात, साबण हातातून निसटतो, तो शोधत बसतात, आणि मागच्या दाराने ब्रिजेट पिशवी घेऊन तापकऱ्यांकडे निघून जाते. लोक आधी हसतात आणि ती निघाली की गप्प होतात. हॅरिएटचा गुलाब तसाच ठेवलाय. त्या बिचाऱ्या खानावळवालीने कोणाचं काय बिघडवलं होतं?

पुस्तक यंदा निघालं. शेवटी दोन परिशिष्टं आहेत. पहिलं "माझी चूक", दीड पानाचं. दुसरं "शैलाची चूक". ते चार पानांचं आहे. मी तक्रार केली तर मार्गारेट म्हणाली की मोठ्या चुकीला जागा लागते. पुस्तकात माझं नाव मात्र सगळीकडे बरोबर छापलंय.

मी आता आठवड्यातून दोनच दिवस जाते. हल्ली मी पाहुण्यांना दवाखान्यातून सुरुवात करून देत नाही, मागच्या दाराने आधी स्वयंपाकघरात नेते. गेल्या महिन्यात मुलाकडे आलेल्या एक सांगलीच्या काकू होत्या. ब्रिजेटची गोष्ट त्यांनी चुलीपाशी उभं राहून पूर्ण ऐकली, मध्ये पार्किंगचं काही काढलं नाही. मग भिंतीवरच्या तिच्या नावाकडे बघून विचारलं, "म्हणजे या लेडी डॉक्टर होत्या का हो?"

मी म्हटलं, "नाही हो. मेडिकलवाल्या होत्या."